सोवेतबेकचा सायलेन्सर

बाजारापासून घरापर्यंत सोवेतबेकने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच आणली. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, फुटपाथवरची माणसं वळून बघत होती. शेजारी बसलेल्या सायराकानने आधी हाताने खुणावलं, मग त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो म्हणाला, "काय झालं? शांत तर चाललीय."

घरी आल्यावर तिने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात टाकली आणि मला बोलावणं पाठवलं.

सोवेतबेक माझा साडू. तीन बहिणी होत्या. थोरली कालिपा तोकमोकला राहते, मधली सायराकान, आणि धाकटी माझी होती. ती गेल्यापासून माझं रात्रीचं जेवण बहुतेक यांच्याकडेच होतं; घरं एकाच गल्लीत आहेत. आमच्या किरगीझ लोकांत साडू भेटले की एकमेकांची खोड काढतातच. न काढली तर शेजारी विचारतात, यांचं बिनसलंय का म्हणून. पण त्या दिवशी मी ओट्यावर बसलो तेव्हा दोघांनाही काही सुचेना.

सायराकानच म्हणाली, "मास्तर, तुम्ही सांगा याला. कान गेले म्हणजे गेले. बहिऱ्या माणसाने नातवंडांना खेळवावं, गाडी चालवू नये."

"काय म्हणतेय?" सोवेतबेकने मला विचारलं. समोरच्याचं तोंड दिसलं तर त्याला बरंचसं कळतं, पण ती पाठमोरी उभी राहून कणीक तिंबत होती.

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "म्हणतेय, गाडी विक."

"ते मला पाठीवरूनच कळलं होतं."

त्याने आयुष्यभर कोळशाचा ट्रक चालवला, डोंगरापलीकडून इकडे. कान त्या ट्रकच्या केबिनमध्येच गेले. काम सुटल्यावर त्याने ट्रक विकला आणि एक जुनी, बुटकी, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स गाडी घेऊन आला. गल्ली हसली. तो म्हणाला, "घाटात सगळे मला मागे टाकून जायचे. आता मलाही कुणाला तरी मागे टाकू दे." खरं तर त्यानंतरही त्याने फारसं कुणाला मागे टाकलं नाही. सकाळी गाडी पुसायची, बाजारात जायचं, परत यायचं. पण दारात ती उभी असली की तो ताठ चालायचा.

गिअर तो कानाने बदलायचा. ट्रकवाले सगळे तसेच. इंजिनाचा आवाज एका उंचीला गेला की हात आपोआप जातो. आता आवाजच पोचत नव्हता. मी एकदा म्हटलं होतं, समोरच्या इंजिनाच्या वेगाच्या काट्याकडे बघून बदल. पण आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; आधीच्या कुणीतरी या जपानी गाडीचं उजवीकडून डावीकडे हलवलं तेव्हा समोरची काट्यांची सगळी पाटी दुसऱ्याच गाडीची बसवली होती. काटा कायम मध्यावर थरथरत असायचा, गाडी उभी असो नाहीतर पळत असो. कानात घालायचं यंत्रही त्याच्याकडे आहे. ते कपाटात असतं. "ते घातलं की बशीवर चमचा पडला तरी ट्रक उलटल्यासारखा वाटतो," तो म्हणतो, "आणि इंजिन मात्र ऐकू येत नाही."

सायराकानने हात धुतले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. हळू, ओठ नीट हलवत बोलली.

"म्हाताऱ्या, रविवारी थोरलीकडे जायचंय. तू चालव. मी गप्प बसेन. पण गिअर बदल म्हणून एकदा जरी मला सांगावं लागलं, तरी तिथून पुढे बसने फिरायचं. गल्लीच्या टोकाचा न्हावी गाडी मागतोच आहे."

"न्हावी? तो तिच्यात कोंबड्या नेईल."

"नेऊ दे. कोंबड्या निदान ओरडतात तरी, गिअर बदल म्हणून."

सोवेतबेक उठला, शेडमध्ये गेला आणि माणसाच्या उंचीचं एक खोकं ओढत घेऊन आला. त्यात नवा सायलेन्सर होता. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळा पाइप, जाड, चकचकीत, शेवटी मनगट आत जाईल एवढं तोंड. तरुण पोरं गाडीला बसवतात तसला.

"याचा आवाज मेलेल्यालाही ऐकू येतो म्हणतात," तो म्हणाला. "मास्तर, उद्या बसवू."

सायराकानने खोक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि किल्ली पिठातून काढून पुसून त्याच्यापुढे ठेवली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं घेऊन गेलो. शाळेत मी मुलांना कार्यशाळेचे धडे देत असे, रंधा, कानस, लेथ, थोडं वेल्डिंग. त्यामुळे गल्लीत कुणाचं काही मोडलं की ते माझ्याकडे येतं. पूर्वी मला ते आवडायचं. आता गुडघे आधी विचारतात, खाली बसावं लागेल का.

अंगणात बर्फ वितळून चिखल झाला होता. आम्ही फळ्या टाकल्या, गाडी जॅकने उचलली. सोवेतबेक लगेच खाली शिरायला निघाला.

"नुसत्या जॅकवर नाही," मी त्याला धरून सांगितलं. "आधी ठोकळे."

"मी तुझ्या शाळेत नाही, मास्तर."

"असतास तर एव्हाना शिकला असतास."

रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे चारी बाजूंना लावले, गाडी हलवून पाहिली, मग दोघं खाली गेलो. तो इंजिनाच्या बाजूला, मी मागे. पाठीखाली फळी आणि फळीखाली चिखल. गाडीखाली त्याला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि ओरडून उपयोग नव्हता. म्हणून मी पाना पाइपवर ठोकत होतो. एकदा ठोकलं की वर, दोनदा ठोकलं की थांब. शाळेत लेथ चालू असताना आम्ही असंच करायचो. एकदाही त्याची चूक झाली नाही.

जुन्या पाइपचे नट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल सोडलं, वाट पाहिली, परत सोडलं. काही निघाले, काही तुटले. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा कुठे जुना पाइप खाली आला. पुढच्या भागात तो एका जागी चपटा झालेला होता, कुणी हातोडा घातल्यासारखा.

"दगड लागला असेल," मी म्हटलं आणि तो भिंतीला टेकवून ठेवला.

नवा पाइप त्यामानाने लवकर चढला. पुढे तीन बोल्ट, मध्ये एक जोड, आणि मागे गाडीच्या तळाला रबरी कड्यांत लटकवायचा. सायराकान चहा घेऊन आली, जर्दाळूचा मुरंबा आणि कालची भाकरी. आम्ही फळीवरच बसून प्यायलो.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," सोवेतबेक म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

काम झालं असं वाटलं की हलणारी प्रत्येक वस्तू एकदा हलवून बघायची, हे मी मुलांना इतक्यांदा सांगितलंय की आता मला न सांगता राहवत नाही. मी त्याला म्हटलं, "आत बस आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव."

त्याने फिरवलं. अर्ध्यावर ते अडकलं.

मी बॅटरी घेऊन परत खाली गेलो. स्टिअरिंगचा दांडा जिथून उतरतो नेमका तिथूनच नवा पाइप जात होता. दांड्याचा सांधा पाइपवर घासत होता. हे असंच रस्त्यावर गेलं असतं तर पहिल्या वळणावर गाडी कालव्यात.  मग भिंतीला टेकवलेला जुना पाइप आठवला, आणि तो चपटेपणा दगडाचा नव्हता हे कळलं.

"विकणाऱ्याने तुला काय विचारलं?" बाहेर येऊन मी त्याला विचारलं.

"गाडीचा नंबर. बॉडीवर ठोकलेला. मी बरोबर सांगितला."

"स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते विचारलं?"

"ते कोण विचारतं?"

खरंच होतं. ज्या वर्षी उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या बंद होणार अशी हूल उठली, त्या वर्षी अर्ध्या गावाने स्टिअरिंगं इकडून तिकडे करून घेतली. पण नंबर जपानचाच राहिला. त्या नंबराच्या हिशेबाने या गाडीचं स्टिअरिंग अजून उजवीकडे होतं आणि डावी बाजू पाइपसाठी मोकळी होती. ज्याने ते हलवलं त्याने जुन्या पाइपला हातोडा घालून दांड्याला जागा केली होती, आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे परत काढायचा?" सोवेतबेकने विचारलं.

"परत काढायचा."

तो चिखलात पाय पसरून बसला. त्याच्या पायांत आमच्याकडचे म्हातारे घालतात तसे मऊ कातडी मोजे होते आणि वरून रबरी गलोश, घरात शिरताना उतरवायचे. गलोश चिखलाने तिप्पट जड झाले होते. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. त्या हातांकडे बघून मला वाटलं, आता मी उठलो नाही तर आम्ही दोघंही उठणार नाही. म्हणून मी उठलो.

वेल्डिंगच्या गॅसच्या ज्योतीवर नवा पाइप लाल होईपर्यंत तापवला. सोवेतबेकने तो सांडशीने धरला आणि तोंड फिरवलं. मी मोजून मापून हातोडा घातला, जुन्यात होता त्याच जागी, थोडा जास्तच. परत चढवला. आता दांडा आणि पाइप यांच्यात बोट आरामात जात होतं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं.

"आता बस आणि सुरू कर," मी म्हटलं.

पहिल्या फटक्याला शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला, मग गल्लीतले सगळे. खिडकीतून सायराकान बाहेर डोकावली. मी इंजिनापाशी उभा होतो; आवाज माझ्या बरगड्यांत घुसत होता.

सोवेतबेकने पेडल दाबलं, सोडलं. मग मला जवळ बोलावलं.

"मला परीक्षा घ्यायचीय," तो म्हणाला. "मी डोळे मिटतो. तू तिकडून हाताने वाढव. आवाज चढला की मी हात वर करीन."

मी इंजिनावरची पेडलची तार हाताने ओढली. इंजिन चढलं. कुत्रे वेडे झाले. काचेतून तो मला दिसत होता, डोळे मिटलेले, मान थोडी पुढे, वर्गातल्या गरीब मुलासारखा लक्ष देऊन बसलेला. हात मांडीवर. मी आणखी ओढलं. भिंतीवरचा पत्रा वाजायला लागला. हात मांडीवरच होता.

मी सोडून दिलं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाढवलंस का?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गल्ली शांत झाली, पण ती शांतता त्याला वेगळी वाटली नसणार. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"न्हाव्याला सांग," तो म्हणाला. "नवा सायलेन्सर आहे म्हणावं. फुकट."

सायराकान दारात येऊन उभी होती. तिला सगळं कळलं होतं. अशा वेळी बायका काहीतरी मऊ बोलतात. ती म्हणाली, "आणि हे चिखलाचे गलोश घालून आत बसलास? कितीदा सांगितलं, गाडी म्हणजे घरच आहे. काढ ते."

"आता कुणाची गाडी आणि कुणाचं घर," तो पुटपुटला. पण पाय बाहेर काढून त्याने गलोश उतरवले आणि उंबऱ्याशी ठेवतात तसे फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

मी हत्यारं गोळा करत होतो. त्या पान्याला हात लागला आणि मी थांबलो. सकाळपासून मी त्या पान्याने ठोकत होतो आणि सोवेतबेक एकदाही चुकला नव्हता.

मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "मी पाइपवर ठोकत होतो ते तुला कसं कळत होतं?"

"कसं म्हणजे? पाइप माझ्या हातात होता."

"म्हणजे ऐकू नाही येत होतं."

"हातात येत होतं. हे काय विचारतोस आता?"

मी परत फळीवर आडवा झालो आणि तळाकडे पाहिलं. सगळा पाइप रबरी कड्यांत लटकत होता. रबर असतंच त्यासाठी. इंजिनाची थरथर रबर पिऊन टाकतं, आत बसलेल्याला काही जाणवू नये म्हणून. सगळ्या जगाला ती थरथर नको असते. आणि मघाशी वर सोवेतबेकच्या पायांत पुन्हा रबरच.

माझ्याकडे शाळेच्या मोडक्या बाकाची एक लोखंडी पट्टी होती. ती कापली, वाकवली, भोकं पाडली आणि ड्रायव्हरच्या पायांखाली जिथे तळाला जाड पत्रा आहे तिथे पाइप त्या पट्टीने सरळ गाडीला आवळला. रबर काढून खिशात टाकलं. पट्टीची एक कड वाकडी राहिली. एखाद्या मुलाने अशी पट्टी आणली असती तर मी पाचपैकी दोन गुण दिले असते आणि शेजारी बसवून परत करायला लावलं असतं. पण हात आता ऐकत नव्हते.

"हे चुकीचं काम आहे," मी सोवेतबेकला नीट समजावून सांगितलं. "असं कुणी करत नाही. पट्टीला आज ना उद्या तडा जाईल. दर शुक्रवारी खाली वाकून बघायचं. कबूल?"

"तू कर आधी."

तो मऊ मोज्यांनी आत बसला. पाय गाडीच्या तळावर सपाट ठेवले आणि डोळे मिटले. मी तार ओढली.

हात मांडीवरून उठला. मी आणखी ओढलं, हात आणखी वर गेला. सोडलं, खाली आला. मी त्याला फसवायला मध्येच थांबलो, हातही मध्येच थांबला. वर गेला, थोडा उतरला, परत वर. डोळे मिटलेलेच होते. मी उगाचच बराच वेळ तार ओढत राहिलो.

"कपाटातल्या कपबश्या वाजताहेत," सायराकान म्हणाली आणि आत गेली.

रविवारी आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, जी माणसांसाठी केलेलीच नाही, गुडघे हनुवटीला लावून. सोवेतबेकने दारात गलोश काढले आणि आत बसला. सायराकानने डोक्याचा रुमाल कानांवर ओढून घेतला. गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटत होते. बोलायची सोयच नव्हती. ती एक बरी गोष्ट झाली; तिला गप्प बसणं सोपं गेलं.

पहिला, दुसरा, तिसरा. मी मागून त्याचे पाय बघत होतो. डावा पाय क्लचवर जायच्या आधी त्याची बोटं मोज्यात किंचित आखडायची, मांजर बसायच्या आधी चाचपतं तशी. चौथा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओली शेतं, पोपलरची झाडं, उन्हात पांढरे डोंगर. सायराकान डोंगरांकडे बघत नव्हती. ती गिअरच्या दांड्याकडे बघत होती.

कालव्याच्या अलीकडे चढ आहे. तिथे पुढे कोळशाचा ट्रक लागला, भरलेला, माणसाच्या चालीने चढणारा. सोवेतबेक त्याच्या मागे राहिला. बराच वेळ राहिला. मला वाटलं, आता चढ संपेपर्यंत हा असाच राहणार. मग त्याने गिअर तिसऱ्यावर आणला, गाडी बाजूला काढली आणि पेडल दाबलं.

इंजिन चढत गेलं. पायांखालचा पत्रा, सीट, काच, सगळं एकदम थरथरायला लागलं. आणखी चढलं. सायराकानचा हात उचलला गेला, त्याच्या दंडाकडे निघाला. तिचं तोंड उघडलं होतं. मला मागून तिचा गाल दिसत होता. तिला वाटलं, हा विसरला. बाजारासारखाच विसरला. एखाद्याला मागे टाकताना तिसरा धरूनच ठेवायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी मागून ओरडलो असतो तरी तिला ऐकू आलं नसतं.

हात हवेत तसाच राहिला. मग तिने तो वळवला आणि रुमाल नीट केला. तोंड मिटलं.

ट्रकचं केबिन आमच्या खिडकीपाशी आलं. सोवेतबेकने वर बघून त्या ड्रायव्हरला मान लववून सलाम केला. त्यानेही केला. मग आम्ही पुढे गेलो, मोज्यातली बोटं आखडली, आणि चौथा पडला. सायराकानने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

तोकमोकला कालिपाच्या दारात गाडी थांबली तेव्हा माझ्या कानांत नुसतं घूं घूं होतं. मी मनात म्हटलं, आता मीही साडूच्या पंगतीला. अंगणात गुडघाभर नाही तरी घोट्यापर्यंत चिखल होता. सोवेतबेकने दार उघडलं, पाय बाहेर काढले आणि तसेच हवेत धरले.

गलोश घरी राहिले होते. दारात, फळीवर, शेजारी शेजारी.

"मास्तर," तो म्हणाला, "उचलून ने मला."

"तुला? तू ट्रक उचलून आण म्हणालास तर बघू."

सायराकान उतरली होती. ती आमच्याकडे न बघता चिखलातून घरात गेली. दारात बहिणी भेटल्या, गालाला गाल लागले. कालिपा काहीतरी विचारत होती.

"काय म्हणतेय थोरली?" सोवेतबेकने मला विचारलं.

"प्रवास कसा झाला म्हणतेय."

"आणि ही?"

"डोकं दुखतंय म्हणते."

तो हवेत पाय धरून वाट बघत राहिला. मांड्या थकल्या असणार. तो एकेक पाय आलटून पालटून गुडघ्यावर ठेवत होता. किल्ली अजून गाडीतच होती.

थोड्या वेळाने सायराकान परत आली. तिच्या हातात कालिपाच्या घरातले कुणाचे तरी मोठे गलोश होते. ती वाकली, कमरेवर हात ठेवून हळूहळू, आणि ते त्याच्या पायांखाली चिखलात ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून, पाहुण्यासाठी ठेवतात तसे.

"चल," ती म्हणाली. "चहा निवतोय. आणि किल्ली खिशात घाल. इथली पोरं चावट आहेत."